बेंगावान सोलो : ‘मी’ नसलेल्या गाण्यात इतकी हुरहूर कुठून येते?

जावा बेटावरच्या सोलो नदीवर १९४० साली एक गाणं झालं. त्यात काय म्हटलंय ते आधी सांगतो, कारण ते फारच थोडं आहे. नदीला उद्देशून सुरुवात : तुझी ही अशी गोष्ट, लोकांचं लक्ष पूर्वीपासून तुझ्याकडे. मग उन्हाळ्यात पाणी थोडं आणि पावसाळ्यात दूरवर पसरलेलं. मग उगम, हजार डोंगरांत कोंडलेला, आणि तिथून समुद्रापर्यंतची वाट. शेवटी एक नाव : पूर्वी व्यापारी तिच्यातून जायचे. संपलं.

भूगोलाच्या पुस्तकातला उतारा वाटावा असा हा ऐवज. प्रेयसी नाही, आई नाही, सोडून आलेलं घर नाही, ‘आठवण येते’ असं एकदाही कोणी म्हणत नाही. तरी इंडोनेशियात, जपानमध्ये आणि नेदरलँड्समध्ये माणसांच्या दोन पिढ्या हे गाणं ऐकून गप्प बसत आल्या. गाण्याचं नाव नदीचंच, ‘बेंगावान सोलो’. रचणारे गेसांग मार्तोहार्तोनो, जन्म १९१७, गाव सोलो, तेव्हा वय पुरती तेवीस वर्षंही नाही. गेसांग या शब्दाचा जावानी भाषेतला अर्थ ‘जिवंत’. ते २०१० साली गेले.

स्मरणरंजन गाण्यात नेमकं कुठे साठवलेलं असतं, हे समजून घ्यायला याच्याइतकं सोयीचं गाणं नाही. इथे भावनेचे शब्दच नाहीत; म्हणजे जे काही घडतं ते व्याकरणात, चालीत आणि गाणं वाहून नेणाऱ्या माणसांत घडतं.

दोन शब्द आणि एक नाव

‘बेंगावान’ म्हणजे मोठी नदी. छोट्या नदीला, ओढ्याला जावात ‘काली’ म्हणतात. त्यामुळे ‘बेंगावान सोलो नदी’ असं कोणी लिहिलं तर ते ‘गोदावरी नदी नदी’ होतं.

गाण्यातला कळीचा शब्द ‘दुलु’. मलय-इंडोनेशियन भाषेत ‘दुलु’ म्हणजे पूर्वी, आधी. तो पहिल्या भागात येतो आणि शेवटच्या भागात पुन्हा येतो. पहिल्या वेळी तो नदीसाठी आहे आणि निरुपद्रवी आहे : पूर्वीपासून लोक तुझ्याकडे बघतात, म्हणजे आजही बघतात. दुसऱ्या वेळी तो नावेसाठी आहे आणि तिथे अर्थ फिरतो. नावेची गोष्ट ‘पूर्वीची’, म्हणजे आता ती नाव नाही. एकच शब्द आधी सातत्य सांगतो, मग तुटलेपण. गाण्यातली सगळी हुरहूर या दोन ‘दुलुं’च्या मधल्या अंतरात आहे, असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. नदीशी बोलताना शब्दाच्या शेवटी ‘मु’ लागतो, म्हणजे ‘तुझं’ : तुझी गोष्ट, तुझं पाणी, तुझा उगम. उगमासाठी आलेला शब्दही सुंदर आहे, ‘माता आयर’, अक्षरशः ‘पाण्याचा डोळा’. नाव आली की ‘मु’ जाऊन ‘न्या’ येतो, ‘तिची’. नदी समोर बसलेली आहे, तिच्याशी अरेतुरे चाललंय. नाव मात्र तृतीयपुरुषी, समोर नसलेली. आणि प्रथमपुरुष कुठेच नाही.

आपल्याकडे हे दुर्मीळ. जात्यावरच्या ओवीत चंद्रभागेला हाक मारली की पुढच्या ओळीत भाऊ, माहेर, विठ्ठल, कोणीतरी येतोच. नदी बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाकडे जायची वाट असते. गेसांगच्या गाण्यात ती जागा रिकामी ठेवली आहे, आणि ऐकणारा तिथे स्वतः जाऊन बसतो.

आता ती नाव खरी होती का? पुरेपूर. १३५८ सालच्या एका ताम्रपटात, मजापाहित राज्याचा राजा हायाम वुरुक याच्या काळातल्या, सोलो आणि ब्रांतास या नद्यांवरच्या, नावेने पलीकडे नेणाऱ्या उतारांच्या गावांची यादीच आहे. पुढे सोलोच्या दरबाराची राजनौका याच पात्रातून उत्तर किनाऱ्याकडे जायची. तिच्या नाळेवरचं, म्हणजे पुढच्या टोकावरचं, ‘राजामाला’ नावाचं लाकडी मुंडकं, बटबटीत डोळ्यांचं, सोलोतल्या राद्या पुस्ताका संग्रहालयात आजही बघता येतं. ‘पुस्ताका’ शब्द ओळखीचा वाटला असेल. संस्कृतातूनच गेलेला आहे.

मग १८७० साली सेमारांग बंदरापासूनची रेल्वे सोलोला पोचली. साखर, नीळ, तांदूळ गाडीत चढले. नदीमार्गाला आधीच गाळाचा आणि उन्हाळ्यातल्या उथळ पाण्याचा त्रास होता. उन्हाळ्यात जी नाव अडकते ती बारमाही रेल्वेशी काय स्पर्धा करणार? म्हणजे १९४० साली, गाणं रचलं तेव्हा, पात्रातल्या त्या मोठ्या व्यापाराला ओहोटी लागून सत्तर वर्षं झाली होती. हे गाणं काळाच्या ओघात जुनं होऊन हळवं झालेलं नाही. पहिल्या दिवसापासून ते गेलेल्या गोष्टीबद्दलच होतं.

कोंडलेली नदी

शब्दांत एक तपशील असा आहे की तो कविकल्पना समजून पुढे जाणं सोपं. हजार डोंगर. पण ‘गुनुंग सेवू’, म्हणजे हजार डोंगर, हे दक्षिण जावातल्या चुनखडीच्या टेकड्यांच्या रांगेचं प्रत्यक्ष नाव आहे. शंकूसारख्या असंख्य टेकड्या, मध्ये खोलगट खळगे, पाणी जमिनीखाली मुरणारं. सोलो नदी याच बाजूला, वोनोगिरीच्या परिसरात उगम पावते.

आणि ‘कोंडलेली’ हेही शब्दशः खरं आहे. फार प्राचीन काळी ही नदी दक्षिणेला वाहून हिंदी महासागराला मिळायची. चुनखडीचा पट्टा भूहालचालींनी वर उचलला गेला, वाट बंद झाली आणि पाणी उत्तरेला वळलं. जुनं पात्र कोरडं पडून राहिलं. गुनुंगकिदुल भागात ती कोरडी दरी सादेंगच्या किनाऱ्यापर्यंत गेलेली दिसते. आजची नदी आधी उत्तरेला सोलो शहराकडे येते, मग पूर्वेला वळून न्गावी, चेपू, बोजोनेगोरो असं करत ग्रेसिकजवळ जावा समुद्राला मिळते. लांबी सुमारे ६०० किलोमीटर, जावातली सर्वांत लांब. (न्गावीजवळच्या त्रिनिल इथे, याच नदीच्या काठावर, १८९१ मध्ये युजीन दुब्वा यांना ‘जावा मानवा’चे, म्हणजे एका आदिमानवाचे, अवशेष सापडले. ‘लोक पूर्वीपासून तुझ्याकडे बघतात’ ही ओळ तेव्हापासून जरा जास्तच लांब जाते.)

मुखालाही माणसाने हात लावलाय. नदीचा गाळ सुराबाया बंदराच्या वाटेत साचेल म्हणून तेव्हा जावावर राज्य करणाऱ्या डच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिचं मुख मादुराच्या सामुद्रधुनीकडून काढून उत्तरेला वळवलं. ‘अखेर समुद्राला मिळते’ हे खरंच. पण कुठे मिळायचं ते इंजिनिअरांनी ठरवलं.

चाल : १२८ मात्रांचा हिशेब

गाण्याचा संगीतप्रकार ‘क्रोंचोंग’. त्याचं मूळ पोर्तुगीज. जकार्ताजवळच्या तुगू या वस्तीत १६६१ पासून पोर्तुगीज बोलणारे ख्रिस्ती लोक राहत होते. मलबार, कोरोमंडल, बंगाल अशा भारतीय किनाऱ्यांवरून गुलाम म्हणून आणलेले आणि नंतर मुक्त झालेले. त्यांना ‘मार्डाइकर’ म्हणत. हा शब्द मलय ‘मेर्देका’चा भाऊ, आणि मेर्देका, म्हणजे स्वतंत्र, आलाय संस्कृत ‘महर्द्धिक’वरून. त्यांच्या छोट्या तंतुवाद्याचा ‘क्रोंग-चोंग’ आवाज म्हणून प्रकाराचं नाव क्रोंचोंग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फिरत्या नाटकमंडळ्यांनी हे संगीत गावोगाव नेलं. तेव्हा त्याची प्रतिष्ठा बेताची : गल्लीत रात्री वाजवत फिरणाऱ्या पोरांना ‘क्रोंचोंगच्या मगरी’ म्हणायचे. आज ‘मगर’ म्हणजे या प्रकारातला उस्ताद. रेडिओ आला आणि प्रतिष्ठाही आली; सोलोत १९३३ मध्येच स्थानिक लोकांनी चालवलेलं प्रसारण केंद्र सुरू झालं होतं.

वाद्यमेळ ठरलेला. बासरी आणि व्हायोलिन गायकाच्या ओळींमधल्या जागा भरतात. गिटार सतत धावते स्वर वाजवते. बास खालून आधार देतो. चेलो गजाने वाजवत नाहीत. बोटांनी छेडून त्यातून जावानी ढोलाचे बोल काढतात. आणि दोन छोटी वाद्यं, ‘चुक’ आणि ‘चाक’ (मराठीतली चूक किंवा चाक मनात आणू नये). चुकच्या तारा नायलॉनच्या, आवाज मऊ; चाकच्या पोलादी, आवाज टणक. एकाचे आघात दुसऱ्याच्या मधल्या फटीत पडतात. पाण्यावर उन्हाचं चमचमणं जसं एका जागी थांबत नाही तसा हा पोत आहे, आणि गाण्यात नदी ‘दिसते’ ती याच्यामुळे.

रचनेचा आराखडा ‘लांग्गाम’ म्हणून ओळखला जातो. चार मात्रांचं एक घर धरा. आठ घरांचा एक भाग, असे चार भाग, क्रम अ-अ-ब-अ. म्हणजे ३२ घरं, १२८ मात्रा. मिनिटाला ६४ ठोक्यांची लय घेतली तर एक फेरी दोन मिनिटांची.

आता शब्द या आराखड्यावर ठेवून बघा. पहिला अ : नदीची गोष्ट. दुसरा अ : उन्हाळा-पावसाळा. ब : उगम ते समुद्र. तिसरा अ : नाव. ब भागात सुरावट घर सोडून मध्यमाच्या स्वरसमूहाकडे जाते, पाणी उताराला लागावं तशी पुढे सरकते आणि ‘अखेर समुद्राला’ या शब्दांवर पंचमाच्या स्वरसमूहावर येऊन थांबते. कान असलेल्या कोणालाही कळतं की इथे विसावा नाही. पंचमावरचा हा थांबा षड्जाची वाट बघणारा आहे. शब्द म्हणतात ‘अखेर’, सूर म्हणतात ‘अजून नाही’. मग षड्ज येतो, ओळखीची अ-ची चाल येते, आणि तिच्यावर बसून येते ती हरवलेली नाव. नदीचा शेवट समुद्रात, गाण्याचा शेवट नावेत. या गाण्यातली सर्वांत हुशार जागा कोणती असं विचारलं तर मी हीच दाखवीन. आणि गेसांग बासरी वाजवत, ऐकून शिकलेले होते.

पुढे अजून एक गंमत. लांग्गाम सादर करताना पहिली फेरी पूर्ण गातात. दुसऱ्या फेरीत पहिले दोन अ वाद्यं वाजवतात आणि गायक ब पासून येतो. परिणाम असा की ऐकणाऱ्याला ऋतूंची ओळ एकदाच ऐकू येते, पण उगम, समुद्र आणि नाव दोनदा. शेवटी कानात राहते ती नाव.

गायकीत चार गोष्टी लागतात. ‘चेंग्कोक’ म्हणजे ओळ वळवण्याच्या छोट्या सजावटी, ‘ग्रेगेल’ म्हणजे स्वरावरचा झटपट हेलकावा, ‘लुक’ म्हणजे खालून घसरत स्वराला लागणं. चौथी आणि महत्त्वाची ‘ङ्गांदुल’, लटकणं : शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकायचा. चुक-चाक घड्याळासारखे पुढे चालले आहेत आणि आवाज त्यांच्यामागे रेंगाळतोय. मागे वळून बघत चालणं, हे जे स्मरणरंजनाचं रूप आहे, ते इथे शब्दशः लयीत उतरतं.

म्हणून हे गाणं बिघडतं तेही ठरावीक जागी. सगळ्यांत नेहमीची गफलत म्हणजे चुक-चाक काढून त्या जागी व्हायोलिनांचा जाड थर देणं. मग चालणारं काही उरत नाही, आणि चालणारं काही नसेल तर रेंगाळणं ऐकू कसं येणार? नुसतं संथ गाणं होतं, अंगाईसारखं. दुसरी म्हणजे ठोक्यावर चोख गाणं. पाश्चात्त्य गायनाची तालीम झालेल्यांकडून हे हमखास होतं. याच्या उलट काहीजण ङ्गांदुल इतका ताणतात की ब भागातलं शेवटचं घर संपून जातं आणि ‘समुद्र’ षड्जावर जाऊन पडतो. मग पंचमावरचा तो थांबाच हरवतो. आणि हुंदके. ‘मी’ नसलेल्या गाण्यात हुंदका देणारा माणूस कोण, हा प्रश्न गाणाऱ्याने स्वतःला विचारावा.

रिकामी जागा कोणी भरली

मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं. डच, इंग्रजी, अमेरिकी गाण्यांवर बंदी आली आणि रेडिओवर स्थानिक गाण्यांना अचानक भरपूर जागा मिळाली. ‘बेंगावान सोलो’ जपानी सैनिकांच्या कानावर रोज पडू लागलं. ज्यांना ते लागू पडलं त्यांची नदी दुसरीच होती, हजारो किलोमीटर लांब, पण गाण्याने तशी मुभा दिलेली होती : उन्हाळ्यात आटणारी, पावसाळ्यात फुगणारी, कोणाच्याही गावची. युद्ध हरून हे लोक परतले तेव्हा गाणं बरोबर गेलं. १९४७ मध्ये गायिका तोशी मात्सुदा यांनी ते जपानीत गायलं आणि गाजवलं. अकिरा कुरोसावांच्या १९४९ च्या ‘स्ट्रे डॉग’ या चित्रपटातही ते ऐकू येतं. १९९१ साली जपानी माजी सैनिकांच्या एका गटाने पुढाकार घेऊन सोलोतल्या बागेत गेसांग यांचा पुतळा उभारला. तेव्हा गेसांग हयात होते.

इथे थोडं थांबायला हवं. ज्या सैन्याच्या काळात जावातली माणसं सक्तमजुरीला नेली गेली, उपासमारीने मेली, त्याच सैन्यातले लोक जावातल्या नदीबद्दल हळवे होतात. स्मरणरंजनाला लाज नसते, हे या गाण्याच्या प्रवासातलं अवघड सत्य आहे. ‘मी’ची जागा रिकामी ठेवली की तिथे कोण येऊन बसेल हे रचणाऱ्याच्या हातात राहत नाही.

दुसरा गट डच-इंडोनेशियन मिश्र कुटुंबांचा. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत सुमारे तीन लाख लोक नेदरलँड्सला गेले. त्यातल्या अनेकांनी तो देश आधी पाहिलेलाही नव्हता. त्यांच्यात वसाहतीच्या काळाबद्दलच्या हुरहुरीला एक रूढ शब्द आहे, ‘तेम्पो दुलु’. तोच ‘दुलु’. सुलावेसीत जन्मलेल्या आन्नेके ग्रोन्लो यांनी साठच्या दशकात हे गाणं गायलं आणि त्या दिवाणखान्यांत ते पक्कं बसलं. इंडोनेशियन कानांना ‘दुलु’ म्हणजे नाव होती तो काळ. या घरांत ‘दुलु’ म्हणजे नोकर आणि व्हरांडा होता तो काळ. शब्द एक, हिशेब वेगळे.

हाँगकाँगच्या रेबेका पान यांनी इंग्रजीत गायलेलं रूप वाँग कार-वाय यांच्या २००० सालच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ या चित्रपटात आहे, घरमालकिणीची भूमिका करणाऱ्या बाई त्याच. त्या शब्दांत मात्र सोलो ही प्रेमाची नदी होते. गोड आहे, पण व्यापाऱ्यांची नाव बुडते.

आजची नदी, आजची गाणी

१९८१ साली वोनोगिरीला गाजाह मुंगकुर धरण पूर्ण झालं. १९६६ च्या मार्चमध्ये सोलो शहर पुरात बुडालं होतं. पूर अडवणं हा धरणाचा एक मोठा हेतू. त्यासाठी डझनावारी गावं उठली आणि हजारो माणसं पश्चिम सुमात्रातल्या सितिउंगला वसवली गेली. जावानीत या प्रकाराला ‘बेदोल देसा’ म्हणतात, गाव उपटणं. ज्या डोंगरांत गाण्यातलं पाणी ‘कोंडलेलं’ होतं तिथे आता ते सिमेंटने कोंडलेलं आहे, आणि जलाशय गाळाने भरत चाललाय. पूर थांबले असंही नाही. २००७ च्या डिसेंबरात खालच्या पट्ट्यात मोठा पूर आलाच. उन्हाळ्याची ओळ तर आणखी खरी झाली : पाणी कमी असताना कापड रंगवण्याचं सांडपाणी आणि मळीपासून ‘चिऊ’ नावाची दारू गाळणाऱ्या भट्ट्यांचं काळं पाणी पातळ व्हायला वावच राहत नाही. खाली ब्लोरा भागात नदीतून पाणी उचलणं यामुळे बंद ठेवायची वेळ आलेली आहे.

गाण्यांनी काय केलं? सोलोचेच गायक दिदी केंपोत, जन्म १९६६, यांनी नदीकाठ सोडला आणि हुरहूर सोलो बालापान स्टेशनच्या फलाटावर नेऊन ठेवली. जिने नावेचा व्यापार खाल्ला तीच रेल्वे आता ताटातुटीची जागा झाली. केंपोत यांच्या गाण्यात ‘मी’ भरपूर आहे, रडतो, वाट बघतो, आणि २०१९ च्या सुमाराला विशीतली पोरंपोरी हजारोंनी त्यांच्याबरोबर रडत नाचत होती. ते मे २०२० मध्ये गेले. त्यांचं दुसरं एक ठिकाण म्हणजे सोलोचा बसस्टँड. त्याचं नाव तिर्तोनादी. जावानीत ‘तिर्ता’ म्हणजे पाणी आणि ‘नादी’ म्हणजे नदीच. आणि त्याच नावाचं एक गाणं गेसांग यांनीही करून ठेवलेलं आहे.